लाखाचं घड्याळ आणि त्याचा हिशेब

‘दुबईहून येणारा मेहुणा घड्याळ आणतोय. हातात घालून आला तर कस्टम लागेल का?’ ‘आजोबांचं ओमेगा कपाटात सापडलंय, चकाचक करून घेऊ की तसंच ठेवू?’ ‘मी सरकारी नोकरीत आहे. मुलीच्या लग्नात एका ठेकेदाराने जावयाला घड्याळ दिलं, आता काय करू?’ ‘पहिल्या मोठ्या बोनसमधून रोलेक्स घ्यायचं मनात आहे, पण ते घालून ऑफिसात जायचा संकोच वाटतो.’

वाचकांच्या पत्रांत हे प्रश्न फिरून फिरून येतात. महागड्या घड्याळाचा हिशेब दोन ठिकाणी द्यावा लागतो. एक कागदावर: सीमाशुल्क, आयकर, विमा कंपनी, वेळ आली तर पोलीस. दुसरा चारचौघांत. कागदावरची उत्तरं बरीचशी ठरलेली आहेत. चारचौघांतली ज्याची त्याने द्यायची असतात, पण काही पथ्यं सांगता येतात.

आधी पैशाचं बोलू

वेळ बघायला लाखाचं घड्याळ लागत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. सेलवर चालणारं साधं घड्याळ महिन्याकाठी १५-२० सेकंद मागेपुढे होतं. क्रोनोमीटर म्हणून प्रमाणित झालेल्या स्विस यांत्रिक घड्याळाच्या मशीनला मात्र दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते कारागिरीचे, नावाचे आणि हौसेचे. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण तिला ‘गुंतवणूक’ म्हणू नका. रोलेक्स, पाटेक फिलीप, ओडमार पिगे यांची मोजकी मॉडेल्स दुकानातल्या किमतीपेक्षा चढ्या भावाने विकली जातात. बाकीच्या बहुतेक घड्याळांची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते. चढी मॉडेल्ससुद्धा २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर गेली आणि नंतर चांगलीच घसरली. शिखरावर घेणारे अजून पुरते सावरलेले नाहीत.

माझी कसोटी साधी आहे. घड्याळ लोकलच्या गर्दीत हातावरून गेलं तर चार रात्री झोप येणार नाही, पण घरखर्च, विमा, मुलांची फी यातलं काहीही हलणार नाही, अशी स्थिती असेल तरच घ्या. हप्त्यांवर घेऊ नका. आणखी एक, यांत्रिक घड्याळाचं मशीन ठरावीक वर्षांनी उघडून साफ करावं लागतं, तेल बदलावं लागतं. महागड्या नावाच्या अधिकृत केंद्रात हा खर्च काही दहा हजारांत जातो, तोही धरून चाला.

कुठून घ्यावं

अधिकृत दुकानातून घेतलंत तर पक्कं बिल, वॉरंटी कार्ड, खोक्यावर आयातदाराचं नाव आणि एमआरपी हे सगळं मिळतं. अडचण एकच: गाजलेल्या मॉडेल्ससाठी प्रतीक्षायादी असते, आणि ‘आधी दुसरं काही घ्या, मग तुमचा नंबर बघू’ असं सुचवलं जातं. तुम्हाला नको असलेलं घड्याळ हव्या असलेल्या घड्याळासाठी घेणं हा शुद्ध तोटा आहे. घाई नसेल तर थांबण्याला आणखी एक कारण आहे. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून, स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. दुकानदार तो फायदा गिऱ्हाइकापर्यंत किती पोचवतील हा भाग वेगळा.

‘वॉरंटी आमची, कंपनीची नाही’ असं सांगून दहा-पंधरा टक्के कमीने विकणारे समांतर व्यापारीही असतात. माल खरा असू शकतो, पण तो देशात कसा आला याचा कागद मागा. तो देत नसतील तर उठा. कागद का हवा, ते पुढे येईलच.

जुनं, वापरलेलं घड्याळ घेताना सगळ्यात जास्त फसगत होते. पैसे देण्याआधी एवढं कराच:

- केसवरचा सीरियल आणि मॉडेल क्रमांक वॉरंटी कार्डाशी ताडून बघा. कार्ड नसेल तर किंमत त्या मानाने उतरवून मागा.
- मागचं झाकण स्वतंत्र, तुमच्या ओळखीच्या घड्याळजीकडून उघडून घ्या. विक्रेत्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून नको.
- विक्रेत्याचं ओळखपत्र आणि सीरियल क्रमांक घातलेली सही-तारखेची पावती घ्या.
- पैसे बँकेतून द्या.

तबकडीकडे जरा जास्त वेळ द्या. मुंबईत जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून विकण्याचा धंदा जुना आहे. परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाकं मुरडतात. भिंगातून बघितलं की चोरी उघडी पडते. अक्षरांची जाडी सारखी नसते, मिनिटांच्या रेघा आकड्यांसमोर बरोबर येत नाहीत, सहाच्या खालचं ‘स्विस मेड’ अर्धं कापलेलं तरी असतं नाहीतर मुळातच नसतं. साठ वर्षं जुन्या घड्याळाची तबकडी भडक नारिंगी आणि कोरी करकरीत असेल, तर ती गेल्या वर्षीची समजा. आपल्या एचएमटीच्याही कंपनीने कधीच न काढलेल्या रंगांच्या तबकड्या बाजारात फिरतात. रंगवलेलं घड्याळ घेऊ नये असं नाही. आवडलं तर रंगवलेल्याच्या भावात घ्या.

आजोबांचं ओमेगा ज्यांच्याकडे आहे त्यांनाही हेच. पॉलिश करू नका, तबकडी बदलू देऊ नका. मशीन साफ करून घ्या आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या. अंधारात दिसण्यासाठी १९६० च्या दशकापर्यंत काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा रंग लावत. तो आता चमकत नसला तरी किरणोत्सर्ग संपलेला नाही, रेडियमचं आयुष्य शतकांमध्ये मोजतात. असं घड्याळ घरी उघडू नका, रंग नखाने खरवडू नका, मुलांना खेळायला देऊ नका.

नवं घड्याळ सदोष निघालं किंवा खरं म्हणून खोटं गळ्यात मारलं, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूने आहे. आधी लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन, मग आयोग. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. मुदत दोन वर्षांची. खासगी माणसाकडून घेतलेल्या एखाद्या घड्याळासाठी हा मार्ग सहसा चालत नाही, तिथे फसवणुकीची पोलीस तक्रार किंवा दिवाणी दावा उरतो. म्हणून ती सहीची पावती.

परदेशातून आणताना

‘खोकं फेकून द्या, हातात घाला, कोणी विचारत नाही’ हा सल्ला घराघरांत दिला जातो. तो वाईट सल्ला आहे. प्रवाशाच्या वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंना सूट असते, पण परवा दुबईच्या मॉलमध्ये घेतलेलं घड्याळ मनगटावर चढवल्याने ‘वापरलेलं’ होत नाही. २०१६ च्या बॅगेज नियमांत भारतात राहणाऱ्या प्रवाशाला ५० हजारांपर्यंतचा माल शुल्कमुक्त होता आणि त्यावरच्या किमतीवर अधिभारासह सुमारे ३८.५ टक्के पडत. हे आकडे सरकार बदलत असतं, तेव्हा तिकीट काढतानाच सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू दर बघून घ्या. कित्येकदा हिशेब केल्यावर कळतं की शुल्क भरून दुबईचं घड्याळ मुंबईपेक्षा महाग पडतंय.

आता तो कागदाचा मुद्दा. सीमाशुल्क कायदा १९६२ चं कलम १२३ फार थोड्यांना माहीत असतं. चोरटा माल असल्याच्या सबळ संशयाने वस्तू जप्त झाली, तर ‘हा माल चोरटा नाही’ हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडून जप्त झाली त्याच्यावर टाकणारं हे कलम आहे. त्यात नावानिशी लिहिलेल्या वस्तू दोन: सोनं आणि घड्याळं. तेव्हा दहा वर्षांपूर्वीचं बिलसुद्धा टाकून देऊ नका.

विमानतळावर काय करायचं:

- येताना नवं घड्याळ असेल तर सरळ रेड चॅनलला जा आणि बिल दाखवा. बिल नसेल तर अधिकारी आपल्या अंदाजाने किंमत ठरवतो आणि वाद तिथे सुरू होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये हार्दिक पंड्याच्या घड्याळांची बातमी गाजली तेव्हा त्याने जाहीर खुलासा केला होता की तो स्वतःहून काउंटरवर गेला होता, आणि बातम्यांतल्या ५ कोटींच्या जागी किंमत सुमारे १.५ कोटी होती.
- जाताना इथलं महाग घड्याळ घालून निघत असाल, तर निघतानाच सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. घड्याळाचं वर्णन आणि सीरियल क्रमांक त्यावर येतो, परतताना प्रश्न उरत नाही. त्यासाठी थोडं लवकर पोचा.
- थोड्या दिवसांसाठी आलेल्या परदेशस्थ नातेवाइकाने प्रामाणिकपणे घोषित केलेली, पण शुल्क भरायचं नसलेली वस्तू कलम ८० खाली विमानतळावर ठेवून, परत जाताना घेऊन जाण्याची विनंती करता येते.
- अडवलं तर पंचनाम्याची आणि ताबा पावतीची प्रत मागा. ‘मला कारणे दाखवा नोटीस नको’ असं छापलेला तयार फॉर्म पुढे आला तर वाचल्याशिवाय सही करू नका. अशा छापील माफीवर दिल्ली उच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले आहेत. जप्तीनंतर सहा महिन्यांत (कारण नोंदवून आणखी सहा) नोटीस द्यावी लागते.

मेहुण्याला हे सगळं आधी कळवा. तुमच्या घड्याळापायी त्याला विमानतळावर चार तास बसवू नका.

कर आणि रोकड

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं २०१७ पासून बेकायदा आहे आणि दंड स्वीकारणाऱ्याला, तितक्याच रकमेचा. तुम्ही स्वतः घड्याळ विकत असाल तर स्वीकारणारे तुम्हीच. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून दुकानदार १ टक्का टीसीएस गोळा करतो. तो तुमच्या नावावर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून मिळतो. पण लक्षात घ्या, ही खरेदी आता आयकर खात्याला दिसते. दाखवलेलं उत्पन्न सहा लाख आणि मनगटावर पंधरा लाख, तर पत्र येणारच.

वैयक्तिक वापराची वस्तू विकून झालेल्या नफ्यावर भांडवली लाभाचा कर नाही, मात्र दागिन्यांना ही सूट नाही. स्टीलचं घड्याळ सहसा वैयक्तिक वस्तूत बसतं. सोन्याचं किंवा हिरे जडवलेलं असेल तर दागिना धरलं जाऊ शकतं, तिथे सीएला विचारा. भेटीचंही तसंच. जवळच्या नातेवाइकाकडून आलेल्या भेटीवर कर नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत मेहुणा बसतो. मित्र बसत नाही.

कोणी भेट दिलं तर

घड्याळ ही भेट देणाऱ्याची आवडती वस्तू आहे. खिशात मावते, किंमत चटकन कळत नाही आणि घेणारा ती रोज वापरतो. म्हणूनच ती नडते.

सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयीन संबंध असलेल्या माणसाकडून महाग भेट घ्यायचीच नाही, घरच्यांच्या नावानेही नाही. केंद्राच्या १९६४ च्या आणि महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांचा रोख हाच आहे. जावयाला मिळालं म्हणून सुटका होत नाही, कारण ठेकेदार जावयाला ओळखत नव्हता, तुम्हाला ओळखत होता. परत करा, सोबत दोन ओळींचं पत्र द्या, पोच घ्या आणि वरिष्ठांना लेखी कळवा. चारही गोष्टी करा. नुसतं ‘मी तेव्हाच परत केलं होतं’ नंतर कोणी मानत नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेलं घड्याळही, केंद्रीय कर्मचारी असाल आणि किंमत दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून जास्त असेल तर, महिन्याभरात कळवावं लागतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो, तेव्हा ‘साहेबांना खूश करायला’ घड्याळ शोधणाऱ्यांनीही भान ठेवावं.

डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटी घ्यायला मनाई आहे. २०२४ च्या औषध विपणन संहितेत डॉक्टरांच्या कुटुंबीयांचाही उल्लेख आहे. सिमेंट, रंग, टायर यांच्या विक्रेत्यांना कंपनीच्या ‘स्कीम’मध्ये घड्याळ मिळतं, ते घेता येतं. मात्र वर्षाला २० हजारांवर लाभ गेला की १० टक्के टीडीएस आहे आणि ते उत्पन्न म्हणून दाखवायचं आहे.

राजकारणातल्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. २०१६ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या हातातल्या ह्युब्लोवरून गदारोळ झाला. मित्राने भेट दिल्याचं त्यांनी सांगितलं आणि शेवटी ते घड्याळ विधानसभा अध्यक्षांच्या हवाली करून सरकारजमा केलं. दुसरी, एप्रिल २०२४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. उमेदवाराने प्रत्येक सटरफटर वस्तू प्रतिज्ञापत्रात लिहायची गरज नाही असं सांगताना न्यायालयाने उलट बाजूचं उदाहरण महागड्या घड्याळांचंच दिलं: अशी अनेक असतील तर ती दाखवावी लागतील. नगरसेवकपदाच्या इच्छुकांनी फ्लेक्ससाठी फोटो काढण्याआधी मनगट तपासलेलं बरं.

फर्स्ट कॉपी

‘कोणाला कळतंय?’ ज्याला कळायला हवं असं तुम्हाला वाटतं, नेमकं त्यालाच कळतं. नकली माल विकणं हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद. घेणारा तुरुंगात जात नाही, पण बंद पडल्यावर त्याला कुठे दादही मागता येत नाही. त्याच पाच-दहा हजारांत टायटन, सिटिझन, सेइको किंवा चांगल्या स्थितीतलं एचएमटी येतं. ते ज्या नावाने आहे त्या नावाने घालता येतं.

कुठे घालावं, कुठे नाही

तुमच्या कमाईचं घड्याळ तुम्ही घालायला मोकळे आहात, त्याबद्दल कोणाची माफी मागायची गरज नाही. तरी काही प्रसंग असे असतात की तिथे घड्याळ तुमच्याआधी बोलायला लागतं. कामगारांशी पगारवाढीची बोलणी करताना, संस्थेसाठी वर्गणी मागायला जाताना, ज्यांचं पीक गेलंय त्यांच्या पंचनाम्याला, सांत्वनाला, पालक हप्ते पाडून फी भरतात त्या शाळेच्या वर्गात. तिथे साधं घड्याळ घाला. हा साधेपणाचा देखावा होईल असं काहींना वाटतं. मला ती समोरच्याची बूज राखणं वाटते.

आपल्याकडे ‘कितीला पडलं?’ हे तोंडावर विचारतात. ‘महाग आहे, हौसेने घेतलंय’ एवढं पुरतं. ‘कॉपी आहे हो’ असं खोटं सांगू नका. उद्या ते चोरीला गेलं की तेच सहकारी पोलिसांना ‘साहेब, ते तर नकली होतं’ म्हणून सांगतील.

पट्ट्याचाही विचार करा. महागड्या घड्याळांना पुष्कळदा मगरीच्या कातड्याचा पट्टा असतो. घरात चालत नसेल तर घेतानाच रबर, कापडी किंवा स्टीलचा मागा. शिवाय असा पट्टा सीमेपलीकडे नेताना वन्यजीव व्यापाराचे परवाने आडवे येऊ शकतात. सोन्याबद्दल विचारायचं असेल तर खाणीपर्यंतचा माग दुकानदाराला विचारा. शोपारने २०१८ पासून आपल्या घड्याळांत केवळ नैतिक मार्गाने मिळवलेलं सोनं वापरण्याचं जाहीर केलं, म्हणजे हा प्रश्न वेडगळ नाही.

सांभाळणं

‘३० मीटर’ लिहिलेलं घड्याळ हात धुण्यापुरतं आहे, पोहायला नाही. तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान हाताने बदलू नका, त्या वेळी आतले दाते आपणहून तारीख फिरवायला लागलेले असतात. घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं तर बहुधा स्पीकर, पर्सचं चुंबक किंवा टॅबलेटचं कव्हर कारण असतं. चुंबकत्व काढायला घड्याळजीला मिनिटभर लागतं. ‘मशीनच बदलावं लागेल’ म्हणणाऱ्याकडून घड्याळ परत घ्या.

चोरी, संशय, विमा

घरात घड्याळाची एकच जागा ठरवा. कारण सांगतो. ते दिसेनासं झालं की पहिली नजर घरकामाच्या मावशींकडे जाते, आणि दोन दिवसांनी घड्याळ जिमच्या बॅगेच्या चोरकप्प्यात सापडतं. तोवर विचारायचं ते विचारून झालेलं असतं. आधी गाडी, बॅगा, सर्व्हिस सेंटरची पावती, मुलांचे कप्पे बघा.

विम्यासाठी घरविम्यात मौल्यवान वस्तूंचं ऐच्छिक कवच वेगळं मागावं लागतं, आणि घराबाहेर हातावर असतानाही लागू आहे का ते लेखी घ्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंत तर चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती असते. पाच हजार भाडं म्हणजे जास्तीत जास्त पाच लाख. चोरी झालीच तर एफआयआरमध्ये सीरियल क्रमांक घाला. ‘एक सोनेरी घड्याळ’ एवढ्यावर कोणी शोधत नाही. परदेशात राहणाऱ्यांना लंडनच्या ‘द वॉच रजिस्टर’सारख्या नोंदवहीतही क्रमांक देता येतो, मोठे व्यापारी जुना माल घेताना ती तपासतात.

शेवटचं, वारशाचं. मृत्युपत्रात ‘माझं घड्याळ थोरल्याला’ असं लिहू नका. नाव, मॉडेल आणि सीरियल क्रमांक लिहा. हयातीतच द्यायचं असेल तर साध्या कागदावर भेटपत्र करा. आणि खोकं, कार्ड, बिलं कुठे आहेत तेही नोंदवा. घड्याळ एका भावाकडे आणि कागद दुसऱ्याकडे गेले, तर विकायच्या वेळी दोघांनाही अर्धवट भाव मिळतो.